बर्फातील शेवाळ आणि उजेडाचा हिशेब

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त सचिन येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



थंडीविषयी बोलण्यास सचिन हे गाव तसे विजोडच. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस वसलेल्या, बॉयलरच्या वाफेत आणि मागांच्या खडखडाटात दिवस काढणाऱ्या या परिसरात थंडी म्हणजे जानेवारीतील चार-दोन पहाटा, अंगावरची शाल आणि बाटलीत थिजलेले खोबरेल तेल. परंतु धुळे, जळगाव, नंदुरबारकडून कामधंद्यासाठी इकडे आलेल्या कुटुंबांना थंडीचा आणखी एक चेहरा ठाऊक आहे. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत कडाक्याची थंडी पडली की केळीची वाढ खुंटते, पाने पिवळी पडतात, घड नीट भरत नाहीत. नवल असे की त्या दिवसांत आकाश निरभ्र असते, ऊन लख्ख असते आणि पाटाला पाणीही असते. वनस्पतीला जे हवे ते सारे हजर असताना तिची उपासमार का व्हावी?

या साध्या प्रश्नातच आजच्या विषयाचे बीज आहे. सर्वसामान्य समजूत अशी की थंडीत उजेड कमी पडतो, म्हणून झाडे सुकतात. विज्ञान सांगते ते नेमके याच्या उलट आहे. थंडीत वनस्पतीला उजेड अपुरा पडत नाही. तो तिला डोईजड होतो.

प्रकाशसंश्लेषणाचे दोन टप्पे शाळेच्या पुस्तकात वाचलेले असतात. पहिल्या टप्प्यात हरितद्रव्य सूर्यप्रकाश टिपते आणि त्याची ऊर्जा पुढे सोपवते. दुसऱ्या टप्प्यात त्या ऊर्जेच्या बळावर हवेतील कार्बन डायऑक्साइडपासून साखर घडते. पहिला टप्पा हा भौतिक व्यवहार आहे. तो क्षणाच्या अब्जांश भागाहूनही कमी वेळात उरकतो आणि हवा गरम आहे की गार याची त्याला फारशी तमा नसते. दुसरा टप्पा विकरांचा, म्हणजे एन्झाइमांचा आहे, आणि विकरांची गती तापमानावर अवलंबून असते. ढोबळ मानाने तापमान दहा अंशांनी उतरले की ही गती निम्म्यावर येते. पंचवीस अंशांवरून पाच अंशांवर आल्यास ती पाव होते. ऊर्जेची आवक पूर्वीइतकीच, खप मात्र चौथा हिस्सा!

सुरतेच्या श्रोत्यांना याची कल्पना मागाच्या उदाहरणाने चटकन येईल. माग मंदावला, पण सूत मात्र पूर्वीच्याच वेगाने सुटत राहिले, तर ते सैल पडते, गुंतते, तुटते आणि अखेरीस मागच बिघडतो. पेशीतही तेच घडते. न वापरलेली ऊर्जा ऑक्सिजनच्या विध्वंसक रूपांना जन्म देते, आणि ज्या यंत्रणेने प्रकाश टिपला तिचेच प्रथिने आणि मेद या रूपांमुळे जळू लागतात. तेव्हा थंडीशी जुळवून घेणे म्हणजे केवळ गारठा सोसणे नव्हे. आवक आणि खप यांचा बिघडलेला हिशेब पुन्हा जुळवणे होय. मोठ्या वनस्पतींना हे जेमतेम साधते. परंतु एका पेशीचे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे काही जीव हा हिशेब उणे तापमानातही चोख ठेवतात. त्यांची हकीकत येथे सांगावयाची आहे.

ही हकीकत मराठी माणसांना परकी नाही, कारण तिचा एक धागा याच पश्चिम किनाऱ्यावरून निघतो. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या मुरगाव बंदरातून 'पोलर सर्कल' हे नॉर्वेजियन जहाज एकवीस जणांना घेऊन निघाले आणि ९ जानेवारी १९८२ रोजी भारताची पहिली तुकडी अंटार्क्टिकावर उतरली. नेते होते डॉ. सय्यद जहूर कासिम, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे माजी संचालक आणि स्वतः सागरी जीवशास्त्राचे अभ्यासक. त्यानंतर डिसेंबर १९८३ मध्ये निघालेल्या तिसऱ्या मोहिमेने बर्फावर 'दक्षिण गंगोत्री' हे भारताचे पहिले ठाणे उभारले. या मोहिमेत प्रथमच दोन भारतीय स्त्रिया होत्या. भूवैज्ञानिक डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या एक, आणि समुद्रवैज्ञानिक डॉ. अदिती पंत या दुसऱ्या.

अदिती पंत यांचा जन्म १९४३ मध्ये नागपूरचा. मुत्सद्दी म्हणून नावाजलेले अप्पासाहेब पंत हे त्यांचे वडील. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे आजोबा. सूर्यनमस्काराचा प्रसार हे ज्यांनी जीवितकार्य मानले त्यांच्या नातीने सूर्यप्रकाश पिऊन जगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा ध्यास घ्यावा, हा योग मोठा सुरेख आहे. पुणे विद्यापीठाची पदवी घेतल्यावर ॲलिस्टर हार्डी यांचा 'द ओपन सी' हा सागरी जीवनावरील ग्रंथ त्यांच्या हाती पडला आणि आयुष्याची दिशा ठरली. हवाई विद्यापीठात त्यांनी सागरी प्लवकांच्या प्रकाशसंश्लेषणाचा अभ्यास केला. उष्ण कटिबंधातील प्रखर प्रकाशाचा त्यावर काय परिणाम होतो हा त्यातला एक प्रश्न होता. लंडन येथे समुद्री शैवालांच्या शरीरक्रियेवर प्रबंध लिहून त्या गोव्याच्या संस्थेत आल्या आणि तेथून दक्षिण ध्रुवाच्या समुद्रापर्यंत गेल्या. उजेड अति झाला तर काय होते, हा प्रश्न विषुववृत्ताजवळ जितका खरा तितकाच बर्फावरही खरा आहे. फरक इतकाच की तेथे तो उन्हामुळे नव्हे, गारठ्यामुळे उद्भवतो.

दक्षिण गंगोत्री पुढे बर्फाखाली गाडले गेले आणि १९८९ पासून 'मैत्री' हे ठाणे शिर्माकर ओॲसिस नावाच्या खडकाळ पट्ट्यावर उभे राहिले. सुमारे पस्तीस चौरस किलोमीटरचा हा पट्टा बर्फाच्या साम्राज्यातील उघड्या जमिनीचे बेट आहे. त्यावर शंभराहून अधिक लहानमोठी तळी आहेत. मैत्रीलगतच्या तळ्याला भारतीयांनी 'प्रियदर्शिनी' असे नाव दिले आणि ठाण्याचे पाणी तेथूनच येते. हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही, पारा उणे तीस अंशांखालीही जातो. उन्हाळ्यात तो मावळत नाही आणि बर्फ वितळून ओहोळ वाहू लागतात. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी या ओहोळांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांत नॉस्टॉक, फॉर्मिडियम अशा नीलहरित शैवालांचे थर आढळले. यांना शैवाल म्हणण्याचा प्रघात असला तरी हे वस्तुतः जिवाणू आहेत. सायनोबॅक्टेरिया हे त्यांचे आजचे नाव. भाताच्या खाचरात हवेतील नायट्रोजन बांधून ठेवणारे जे नॉस्टॉक, त्याचेच भाऊबंद ध्रुवाजवळच्या त्या ओहोळात नांदतात.

आता हे जीव तगतात कसे ते पाहू. पहिली अडचण पेशीच्या पटलाची. प्रत्येक पेशीभोवती, आणि प्रकाशसंश्लेषण जेथे चालते त्या आतल्या घड्यांभोवती, मेदाचे अतिशय पातळ पटल असते. ते प्रवाही असेल तरच त्यातील प्रथिनांना हालचाल करता येते. आता पुन्हा खोबरेल तेलाची बाटली आठवावी. हिवाळ्यात खोबरेल थिजते, तूप थिजते. करडईचे तेल मात्र पातळच राहते. कारण खोबरेलातील मेदाम्ले बहुतांशी संपृक्त, सरळ काड्यांसारखी असतात आणि गारठ्यात एकमेकांना चिकटून रचली जातात. करडईतील असंपृक्त मेदाम्लांना मध्येच बाक असतो, म्हणून त्यांची मोळी घट्ट बांधता येत नाही. थंडीत सापडलेले सूक्ष्म जीव नेमके हेच करतात. तापमान उतरल्याची जाणीव होताच ते खास विकर तयार करतात आणि ही विकरे पटलातील सरळ मेदाम्लांना बाक देतात. घरातल्या खोबरेलाचे करडईतेल करावे असाच हा प्रकार!

जपानमधील नोरिओ मुराता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये याचा निर्णायक पुरावा दिला. थंडी सोसणाऱ्या एका नीलहरित जिवाणूतील असे विकर घडवणारे जनुक त्यांनी वेगळे काढले आणि थंडी न सोसणाऱ्या दुसऱ्या जातीत घातले. त्या जातीच्या पटलातील मेद बदलले आणि तिचे प्रकाशसंश्लेषण गारठ्यात टिकू लागले. एका जनुकाने थंडी सोसण्याची कुवत वाढते हे त्यातून दिसले. पुढील संशोधनातून याचे मर्मही उलगडले. तीव्र प्रकाशाने प्रकाशग्राहक यंत्रणेतील एक प्रथिन सतत निकामी होत असते आणि पेशी ते सतत बदलत असते. पटल थिजले की ही दुरुस्ती थांबते. म्हणजे मेदाचा बाकसुद्धा शेवटी उजेडाच्या हिशेबाशीच येऊन मिळतो.

दुसरी युक्ती आवक कमी करण्याची. थंडीत वाढणाऱ्या पेशी प्रकाश टिपणाऱ्या हरितद्रव्याचा पसारा आवरता घेतात आणि गाजराला रंग देणाऱ्या कॅरोटिनॉइड गटातील पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये वाढवतात. ही रंगद्रव्ये जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निरुपद्रवीपणे सोडून देतात. तिसरी युक्ती खप वाढवण्याची. विकर मंद झाले तर त्याची संख्या वाढवावी. एक कारागीर अर्धे काम करू लागला तर दोन नेमावेत. थंड पाण्यातील कित्येक शैवाले साखर घडवणाऱ्या विकरांचे प्रमाण वाढवून हेच करतात. आवक आवरणे आणि खप वाढवणे, काटकसरी गृहिणीच्या या दोन वाटा. पेशी दोन्ही चोखाळते.

उरते ते प्रत्यक्ष बर्फ. समुद्राचे पाणी सुमारे उणे १.८ अंशाला गोठू लागते. पण गोठताना मीठ बर्फात सामावत नाही. ते खाऱ्या पाण्याच्या बारीक नळ्यांत साठत जाते. उणे दहा अंशांना या नळ्यांतील पाणी समुद्राच्या चौपट खारट होते. अशा नळ्यांत डायाटम नावाची, काचेसारखे कवच असलेली शैवाले राहतात. गारठा, मीठ आणि अंधूक उजेड असा तिहेरी जाच त्यांना असतो. फ्रॅजिलॅरिऑप्सिस सिलिंड्रस हा त्यांतील एक डायाटम बर्फाच्या स्फटिकांना चिकटून त्यांची वाढ रोखणारी प्रथिने स्रवतो. अशा प्रथिनांची जनुके डायाटमांनी जिवाणूंकडून उसनी घेतली असावीत असे संशोधक मानतात. नीलहरित जिवाणूंचा मार्ग निराळा. ते पेशीत साखरी साठवतात, भोवती चिकट लगद्याचे आवरण घेतात आणि पाणी गोठल्यावर वाळून निपचित पडून राहतात. गोठणे म्हणजे शेवटी पाण्यावाचून राहणेच. या निपचितपणाची शक्ती केवढी, याचे एक उदाहरण १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले. लिपमन या शास्त्रज्ञाने वनस्पतिसंग्रहात ८७ वर्षे कागदात कोरडे पडून असलेले नॉस्टॉक पाण्यात घातले आणि ते पुन्हा वाढू लागले. जुनी पुस्तके जपणाऱ्या ग्रंथपालांना या गोष्टीचे मोल अधिक कळेल.

या साऱ्या युक्त्यांचे सर्वांत नेत्रदीपक रूप म्हणजे तांबडे बर्फ. १८१८ मध्ये कॅप्टन जॉन रॉस यांना ग्रीनलंडच्या वायव्य किनाऱ्यावर कडेच्या कडे किरमिजी बर्फाने माखलेले दिसले. कोणी म्हणाले, हा उल्कांतील लोखंडाचा गंज. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांनी मात्र हे शैवाल असावे असे ओळखले आणि तेच खरे ठरले. मुळात हे शैवाल हिरव्या शैवालांच्या कुळातले. वसंतात बर्फ थोडे पाझरू लागले की त्याच्या हिरव्या पेशी शेपटांच्या साहाय्याने पोहत पृष्ठभागाकडे येतात. ऊन तापल्यावर त्या जाड कवच धारण करतात आणि आत ॲस्टाझँथिन हे तांबडे रंगद्रव्य भरून घेतात. हे रंगद्रव्य एकीकडे छत्रीप्रमाणे जादा उजेड अडवते आणि दुसरीकडे ऊब शोषून भोवतीचे बर्फ वितळवते. पेशीला त्यातून प्यायला पाणी मिळते. जी ऊर्जा घातक ठरली असती तिलाच कामाला लावण्याची ही हातोटी थक्क करणारी आहे.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे, कारण पुढचा सारा प्रश्न त्यावर उभा आहे. थंडीत राहणारे सगळे जीव थंडीवर प्रेम करणारे नसतात. ध्रुवप्रदेशातून आणलेले नीलहरित जिवाणू प्रयोगशाळेत वाढवले असता बहुतेकांची उत्तम वाढ पंधरा-वीस अंशांच्या वर होते असे दिसून आले आहे. म्हणजे ते थंडीत रमलेले नसून थंडीत तगलेले आहेत. ऊब मिळाल्यास त्यांना ती हवीच असते. उलटपक्षी, अंटार्क्टिकातील बॉनी सरोवरात कायमच्या बर्फाखाली सतरा मीटर खोलीवर एक हिरवे शैवाल सापडले. पुढे त्याचे क्लॅमिडोमोनस प्रिस्कुई असे नामकरण झाले. तेथे वर्षभर तापमान जवळपास पाच अंशांवर स्थिर असते आणि बर्फातून गाळलेला मंद निळसर-हिरवा उजेडच तेवढा पोहोचतो. या स्थिर जगाशी ते इतके एकरूप झाले की त्याचे बहुतेक नातलग बदलत्या उजेडाशी जुळवून घेण्यासाठी जी एक नित्याची हालचाल करतात, तीही ते करीनासे झाले. चोवीस अंशांना, म्हणजे सुरतेत ज्याला हिवाळ्यातील आल्हाददायक वेळ म्हणावे त्या तापमानात, ते मरते.

एक तगणारा, एक समरस झालेला. कोणता श्रेष्ठ? थंडी कायम राहणार असेल तर दुसरा. थंडीच हटणार असेल तर पहिला. आणि थंडी हटते आहे, हीच आजची चिंता आहे. पृथ्वीचे तापमान वाढत असता समशीतोष्ण प्रदेशातील जीव ध्रुवाकडे वा डोंगरमाथ्याकडे सरकू शकतात. जे आधीच ध्रुवावर आणि माथ्यावर आहेत त्यांनी कोठे जावे? त्यांच्यापुढे वाटच उरत नाही.

हे एखाद्या शैवालाचे खासगी दुःख नव्हे. समुद्रातील बर्फाच्या तळाशी वाढणारे डायाटम हे हिवाळ्यात क्रिल या कोळंबीसारख्या जीवाच्या पिलांचे अन्न आहे. क्रिलवर पेंग्विन, सील आणि देवमासे जगतात. नळ्यांतील हिरवा थर आटला तर वरची सारी उतरंड हलते. दुसरीकडे तांबड्या शैवालाची गोष्ट उफराटी आहे. पांढरे बर्फ सूर्यप्रकाश परतवते. तांबडे बर्फ तो शोषते. उत्तर ध्रुवप्रदेशातील पाहणीवरून २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की वितळण्याच्या एका हंगामात या शैवालांमुळे बर्फाची प्रकाश परतवण्याची क्षमता तेरा टक्क्यांपर्यंत घटू शकते. बर्फ अधिक वितळले की पाणी अधिक, पाणी अधिक की शैवाल अधिक, आणि शैवाल अधिक की पुन्हा बर्फ अधिक वितळणार. थंडीत तगण्यासाठी कमावलेली युक्ती थंडीचेच घर पोखरते. हे चक्र शैवालाने सुरू केलेले नाही; त्याला गती मिळाली ती माणसाने जाळलेल्या कोळशाने आणि तेलाने. जमिनीवरचे बर्फ वितळून समुद्र चढतो, तेव्हा तो तापीच्या मुखाशी वसलेल्या सखल सुरतेलाही वगळत नाही. म्हणून ध्रुवावरच्या बर्फाचा रंग हा सचिनमधल्या माणसाच्याही काळजीचा विषय आहे.

या अभ्यासात भारताचा वाटा चालू आहे आणि त्याचे केंद्र मराठी-कोकणी मुलखातच आहे. गोव्यातील वास्को येथे १९९८ मध्ये स्थापन झालेली, आज राष्ट्रीय ध्रुवीय व समुद्र संशोधन केंद्र या नावाने ओळखली जाणारी संस्था अंटार्क्टिकातील मैत्री आणि २०१२ पासूनचे 'भारती', तसेच उत्तर ध्रुवप्रदेशातील २००८ पासूनचे 'हिमाद्री' ही ठाणी चालवते. हिमनद्यांवर काळ्या धुळीमुळे पडणाऱ्या पाणथळ खळग्यांतील जीवसृष्टीचा वेध तेथील संशोधक घेत आहेत. डॉ. अदिती पंत यांनीही गोव्यानंतरचा काळ पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत संशोधनात घालवला.

ग्रंथालयाच्या शताब्दीत हा विषय निवडण्याचे औचित्य याच ठिकाणी आहे. पुण्यात शिकलेल्या एका तरुणीच्या हाती समुद्रावरचे एक पुस्तक पडले आणि ती बर्फाच्या खंडापर्यंत पोहोचली. ते पुस्तक इंग्रजी होते. मराठीत १९६६ पासून मराठी विज्ञान परिषद आणि वाई येथे सिद्ध झालेला मराठी विश्वकोश यांनी विज्ञानाला शब्द पुरवले. प्रकाशसंश्लेषण, विकर, शैवाल, प्लवक हे शब्द आज अवघड वाटत असतील, तर त्याचे कारण ते अवघड आहेत हे नसून ते पुरेसे वापरले जात नाहीत हे आहे. परमुलखात शंभर वर्षे मराठी पुस्तकांचे कपाट उघडे ठेवणाऱ्या संस्थेला तगून राहणे म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. त्या कपाटात कथा-कादंबऱ्यांच्या आणि संतवाङ्मयाच्या शेजारी समुद्राचे, बर्फाचे, शेवाळाचेही एखादे मराठी पुस्तक असावे. दिवसभर मागावर उभा राहिलेल्या कामगाराची मुलगी ते उघडील आणि लख्ख उन्हातही केळ का पिवळी पडते हा प्रश्न आपल्या भाषेत विचारील, एवढी तजवीज पुढच्या शतकासाठी आजच करावयास हवी.